गोधडीची मधली वीत

मी, त्रिवेणी यशवंत औसेकर, वय वर्षे शहात्तर, राहणार मलकपेठ, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. या वयात माझ्याकडे कोणी तेवढे लक्षही देत नाही. डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांबद्दल तसे लिहिता येत नाही, कारण एकाचे ऑपरेशन झाले आहे आणि दुसऱ्याचे राहिले आहे. अक्षर ओळीखाली घसरले असेल तर त्यावरून माझ्या शुद्धीविषयी कोणी शंका काढू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

आमचे वकील हर्षवर्धन हे माझ्या मैत्रिणीचे चिरंजीव. कच्चा मसुदा वाचून ते म्हणाले, "मावशी, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात. राग नाही लिहीत."

"माझ्याकडे जे जास्त आहे ते लिहिते," मी म्हटले.

घरावरून भांडण होणार नाही, कारण वारस एकच आहे. प्रश्न आहे तो माझ्या शेवटच्या गोधडीचा. ती कोणाची, हे लिहून ठेवल्याशिवाय मला जाता येणार नाही, म्हणून हा खटाटोप.

माझी नात योगिनी हिला मराठी वाचायला जड जाते. हे मृत्युपत्र तिला माझी सून सुप्रिया हिने मोठ्याने वाचून दाखवावे. एकही वाक्य गाळू नये, स्वतःविषयी लिहिलेली तर मुळीच नाहीत.

कलम पहिले. मलकपेठेतील फ्लॅट आणि बँकेत जे असेल ते माझा मुलगा वरुण याला द्यावे. पूर्वेच्या खिडकीखाली मी ज्या सतरंजीवर बसून शिवते ती जागा वरुणच्या मते वाया गेली आहे. तिथे चपलांचे कपाट छान बसेल, असे तो मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला आहे. ते कपाट त्याने खुशाल करावे, पण माझा तेरावा झाल्यावर.

कलम दुसरे. मी हाताने केलेल्या लहानसहान वस्तू, म्हणजे बटवे, उशांचे अभ्रे, कशिद्याचे रुमाल, चहाच्या किटलीची टोपी, तोरणे, बाळाची झबली. या सगळ्या मी माणसांना दिल्या होत्या आणि सगळ्या माझ्याच घरात किंवा त्यांच्या कपाटांत प्लास्टिकच्या पिशव्यांत, डांबराच्या गोळ्यांसकट पडून आहेत. "इतकं सुंदर आहे, वापरवत नाही हो!" हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. रुमाल नाक पुसायला केला होता. योगिनी जन्मली तेव्हा मी तिच्यासाठी दुपटे शिवले. ते तिच्या अंगाखाली एकदाही आले नाही. सुप्रियेने ते काचेच्या फ्रेममध्ये घालून हॉलमध्ये लावले आणि पाहुणे आले की माझ्याकडे बोट दाखवून म्हणते, "आईंचा पेशन्स बघा!" मला पेशन्स नाही. असता तर ही फ्रेम मी इतकी वर्षे मनातल्या मनात रोज फोडली नसती. माझ्यामागे ती उघडावी आणि नात्यात पुढचे जे मूल होईल त्याच्या खाली ते दुपटे घालावे. मुलाने ते ओले केले की माझी इच्छा पुरी झाली असे समजावे.

कलम तिसरे. माझ्या जाऊबाई चारुलता यांनी माझ्या शिवणाला चार माणसांत "त्रिवेणीचा टाइमपास" म्हटले आणि त्याच बैठकीत स्वतःसाठी एक बटवा मागितला. तो बटवा एका बाजूने शिवून तयार आहे. तो त्यांना तसाच द्यावा. दुसरी बाजू त्यांनी टाइमपास म्हणून शिवावी.

कलम चौथे. सुयांची डबी, अंगुस्तान आणि चिंध्यांचे गाठोडे योगिनीला द्यावे. कात्री शेजारच्या शाहीनला लिहिणार होते, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील म्हणतात. म्हणून ती मी कालच देऊन टाकली. रोज येऊन माझ्या सुयांत दोरा तीच ओवून ठेवते.

कलम पाचवे, गोधडीचे.

आमच्या घरात गोधडी कडेपासून सुरू होते आणि गोल फिरत आत येते. कापड जुनेच हवे. मधली एक वीत मात्र शिवणारी बाई शिवत नाही. ज्याने ती पांघरायची त्याने ती वीत शिवायची, टाके कसेही येवोत. मधल्या वितीत ज्याचा हात, त्याची गोधडी. माझ्या आईने हे आजीकडून घेतले आणि मी आईकडून, आणि आजवर यात कोणी तडजोड केलेली नाही.

ही गोधडी मी हे गेल्यावर शिवायला घेतली. आत यांची धोतरे आहेत, वर माझ्या आईची नारायणपेठ साडी. ती योगिनीसाठी होती. मधली वीत सोडून सगळी झाली तेव्हापासून मी तिला बोलावते आहे. पोरगी गच्चीबावलीत नोकरीला आहे. "आज्जी, संडेला पक्का!" असे सांगते, आणि तिचा तो संडे काही उगवत नाही. एका वितीला दुपारसुद्धा लागत नाही.

मग माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी वाकायला आणि शिवायला बंदी केली. त्या दिवसांत सुप्रियेने गोधडी माझ्या पेटीतून उचलली, कोठी बाजारातल्या एका शिंप्याकडे नेली आणि मधली वीत वर नवे कापड लावून मशीनने मारून आणली. वर चारी कडांना गुलाबी सॅटिनची पट्टी. माझ्या वाढदिवसाला केक कापला, गोधडी उलगडली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी "छान" म्हटले. त्या मंडळींत दुसरे काय म्हणणार?

बंदी उठल्यावर मी ब्लेड घेऊन उसवायला बसले. मशीनचा टाका जुन्या धोतराला भोके पाडतो, आणि ती बुजत नाहीत. एकेक दोरा ओढताना मी सुनेला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण वाचायचे तिलाच आहे. शाहीन दारातून बघत म्हणाली, "अम्मा, काइकू इत्ता गुस्सा? बहू प्यार से करी ना."

"प्यार से करी तो मेरेकू पूछना था ना," मी म्हटले आणि उसवत राहिले.

मशीनचा दोरा निघाला, वरचे कापड सुटले आणि त्याखाली दुसरे टाके दिसले. हाताचे. माझे नव्हेत, मी पांढऱ्या दोऱ्याने शिवते, आणि हे कशिद्याच्या निळ्या दोऱ्याचे होते. एक तांदळाएवढा, तर पुढचा बोटाएवढा. कुठे गाठ पडलेली, कुठे सुई दोनदा त्याच भोकातून गेलेली. एका जागी रक्ताचा तपकिरी ठिपका. सगळी वीत तशी भरलेली.

मी सुप्रियेला हाक मारली. ती गोधडीकडे बघून खालीच बसली.

"रागावू नका आई. तुम्ही झोपलात की शिवायची मी. योगिनी काही येत नव्हती, आणि डॉक्टर म्हणाले, नजर कितपत येईल सांगता येत नाही. म्हटलं, तुमच्या डोळ्यांदेखत पुरी व्हावी. पण इतकं घाण झालं, तुम्हाला दाखवायची लाज वाटली. म्हणून शिंप्याकडे नेली."

मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा ते कळेना. माझाच नियम माझ्या आडवा आला होता. त्यात मधल्या वितीत ज्याचा हात असे म्हटले आहे. सरळ हात असे म्हटलेले नाही. माझ्या आईनेही तसे कधी म्हटले नव्हते.

सबब ही गोधडी माझी सून सुप्रिया वरुण औसेकर हिची आहे. मी ती तिला देत नाही. ती तिची झालेलीच आहे, मी फक्त कागदावर लिहिते आहे. योगिनीने तिच्यावर हक्क सांगू नये. तिला गोधडी हवी असेल तर कलम चौथ्यातल्या गाठोड्यातून आईबरोबर नवी सुरू करावी, माझ्या साड्यांची. सॅटिनची पट्टी मी काढून टाकली आहे. निळे टाके कोणी उसवू नयेत, सुप्रियेनेसुद्धा नाही. गोधडी फ्रेममध्ये घातल्यास हे कलम रद्द समजावे. तिने ती पहिल्या थंडीला अंगावर घ्यावी, आणि मळली की धुवावी.

इथवर वाचताना सुप्रियेचा आवाज बसेल, मी तिला ओळखते. तेव्हा योगिनीने तिला पाणी द्यावे आणि कलम पाचवे पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो मला मान्य आहे. साक्षीदारांसमोर सही करते.

त्रिवेणी यशवंत औसेकर

साक्षीदार:
१. नामदेवराव उमाजी बिरादार, खालचा मजला (वाचून सही केली. मृत्युपत्रात डांबराच्या गोळ्या प्रथमच पाहिल्या.)
२. शाहीन बेगम, शेजारीण (सही बाईंच्या समोर केली. मजकूर त्यांनी मला वाचून सांगितला.)

स्थळ: मलकपेठ, हैदराबाद
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४