आईला बेटावर सुखरूप नेऊन आणल्याचा वृत्तान्त

धामापूर,
रविवार, दुपार

तीर्थरूप शंकरमामांस मंगेशचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द एरवी मी सवयीने लिहितो. या वेळी विचार करून लिहिला आहे. आठही अंगं अजून दुखताहेत, कारण पुढे येईलच.) नव्या तेलाने तुमच्या गुडघ्याला उतार पडला का आणि जामसंड्याच्या कलमांना मोहोर धरला का, ते कळवावे. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला एकही वाक्य पूर्ण करता येत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या पत्रात मी तुम्हाला गळ घातली होती की, आईला अंदमानला जाण्यापासून थांबवा. आमच्या गावच्या भजन मंडळाच्या बायका आनंदीकाकूंच्या पुढारीपणाखाली शिमग्याच्या आधी तिकडे निघाल्या आहेत, आणि आईने मला न विचारता त्यात आपलं नाव घातलं. बाबा गेल्यापासून ती बाजार आणि भगवतीचं देऊळ यापलीकडे गेलेली नाही, आणि आता एकदम अंदमान. बेटावर पर्यटकाने कोणती काळजी घ्यावी याबद्दल मी त्या दिवसांत इतकं वाचलं की, समुद्राच्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याला समांतर पोहावे, हे मला आता पाठ आहे. (मला पोहता येत नाही, हा मुद्दा वेगळा.) तुमचा शब्द ती मोडत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुमचं उत्तर आलं की, आधी तिला जवळच्या एखाद्या बेटावर नेऊन बघ, तिला झेपत नसेल तर मी नाही म्हणून सांगेन. हे मला न्याय्य वाटलं. खरं लिहायचं तर, तिला झेपणार नाही याची मला इतकी खात्री होती की, न्यायाशी माझा फारसा संबंध नव्हता.

जवळचं बेट म्हणजे मालवणच्या धक्क्यासमोरचा किल्ला. मी तयारी कसून केली. उन्हाच्या टोप्या, मीठ-साखरेचं पाणी, पट्ट्या, मलमं, दोघांच्या गळ्यात एकेक शिटी (हरवल्यास तीनदा फुंकावी), आणि शाळेतल्या क्रीडाशिक्षकांकडून मागून आणलेलं नारिंगी लाइफ जॅकेट. होडीवर जॅकेटं असतातच, पण ती कोणी तपासली आहेत कोण जाणे, असा माझा विचार. आईने एवढंच केलं, पिशवीत एक नारळ टाकला. वाटेत बसमध्ये मी तिला सगळे नियम समजावून सांगितले. ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "बाबा रे, तुझा संपला काय? माका मघापासून शेंगदाणे खावचे आसत."

होडी बाबली नावाच्या तांडेलाची. होडीत सांगलीचं एक भलंमोठं कुटुंब होतं. होडी सुटायच्या आधी आई उभी राहिली (होडीत उभे राहू नये, नियम पहिला), हातात नारळ घेतला आणि बाबलीला म्हणाली, "गाऱ्हाणा कोण घालता?" नारळ हातात धरून देवाला घालायचं गाऱ्हाणं बहुतेक पुरुषच घालतात, हे तुम्हाला सांगायला नको. बाबली म्हणाला, "आजये, माझे हात सुकाणावर आसत. तूच घाल." आणि मामा, आईने घातलं. बा दर्यासागरा म्हाराजा, ह्यो माझो झील आज तुझ्या दारात इलो आसा. तेका पवाक येना नाय, पण तो सगळ्यांका शिकयता. तेच्या डोक्याक ऊन लागा नये, तेची चप्पल घसरा नये, तो माझ्या नजरेआड जावा नये. तेचा काय चुकला-माकला आसात ता पदरात घी आणि तेका सुखरूप घराक पोचय रे म्हाराजा. बाबली आणि त्याचा जोडीदार "व्हय म्हाराजा" म्हणाले. दुसऱ्या वाक्यापासून सांगलीकरही म्हणू लागले, आणि शेवटी तर सगळे माझ्याकडे बघून म्हणत होते. मी केलेले सगळे नियम त्या गाऱ्हाण्यात होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं. म्हणजे शेंगदाणे खाता खाता तिने ऐकलं होतं. फक्त ते कोणाला लागू आहेत, याबद्दल आमचा मतभेद होता.

किल्ल्यात उतरल्यावर मी जॅकेट काढलं नाही, कारण काढून ठेवायचं कुठे? पण नारिंगी जॅकेट आणि गळ्यात शिटी पाहून लोकांनी मला तिथला माणूस समजायला सुरुवात केली. एकाने गोड्या पाण्याची विहीर विचारली, एकीने स्वच्छतागृह. आपल्याला माहीत असूनही सांगायचं नाही, हे मनाला पटेना, म्हणून सांगत गेलो. मग सांगलीकर आजोबांनी सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायला लावला, प्रत्येकाच्या फोनवर वेगळा. फोन परत करून मागे वळलो तर आई नाही.

मी तीनदा शिटी फुंकली. मामा, मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं की, होड्या सुटायची वेळ झाल्याची खूण म्हणून लोक तेच समजतील. तटावरून, देवळातून, विहिरीवरून माणसं धक्क्याकडे पळत सुटली. पोरं कडेवर, शहाळी अर्धवट टाकलेली. आई त्या गर्दीत चेंगरेल म्हणून मीही पळालो, सगळ्यांना "पळू नका" असं ओरडत. धक्क्यापाशी शेवाळावर चप्पल घसरली आणि मी दोन्ही हात पुढे करून पालथा पडलो. जॅकेटमुळे बरगड्या वाचल्या. (लाइफ जॅकेट जमिनीवरही उपयोगी पडतं, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं.)

आई किल्ल्यातच राहणाऱ्या एका बाईच्या ओसरीवर कोकम सरबत घेत बसली होती. ती सावकाश आली, मला काखेत हात घालून उठवलं, टोपी झाडून डोक्यावर ठेवली. बाबली म्हणाला, "मास्तर, ती शिटी हडे द्या. तुमच्यामुळे माझी दोन गिऱ्हायकां दुसऱ्याच्या होडयेत बसली." मी दिली.

परतताना आई कडेला बसली आणि पाण्यात हात सोडून राहिली. मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. कोयता, सूप, भजनाच्या झांजा, काहीतरी तिच्या हातात असतंच. रिकामा हात मी पहिल्यांदाच बघत होतो. मला वाटलं, मी तिला समुद्रापासून जपत होतो, की ती घरी असली म्हणजे माझा जीव स्वस्थ राहतो म्हणून? या प्रश्नाचं उत्तर मी डायरीत अजून लिहिलेलं नाही, पण त्यासाठी पान सोडलं आहे. तेव्हा मामा, तिला झेपतं. तुम्ही तिला खुशाल जा म्हणून कळवा. मामींना नमस्कार. गुडघा जपा, पण फार जपू नका, असं आता मला वाटू लागलं आहे.

आपला भाचा,
मंगेश

ता. क. मागचं पत्र फाडून टाकावं. आईला दाखवलं असल्यास तसं आधी कळवावं, म्हणजे मी त्या दिवशी शाळेतून उशिरा येईन.

ता. क. २. मूळ काम लिहायचं राहिलं. मंडळाला सामान उचलायला एक पुरुषमाणूस हवा आहे. आनंदीकाकू राजी आहेत, पण आई म्हणते, "मी बेट बघूक जातंय, झिलाक राखूक नाय." तुम्ही माझ्यासाठी एक शब्द टाकाल का? मलाही जायचं आहे. तळ्यात पोहायला शिकायला मी सुरुवात केली आहे, सध्या पायरीवर.

ता. क. ३. आईने चष्मा लावून वरचं सगळं वाचलं. ती सांगते तसं शब्दशः लिहितो: शंकरदादा, तेका न्हेतंय. तुझ्या झाडाचे नारळ धाड, दोन. एक आमच्या सगळ्या बायकांसाठी, नि एक एकट्या मंगेशासाठी.