डिस्क बदलायच्या आधी

बाबा, आज दुपारी दोन वाजता करंट जाणार आहे. खालच्या वॉचमनने लाइनमनला विचारून नक्की केलं आणि मला इंटरकॉमवर कळवलं, "टू ओ'क्लॉक करंट पोयिडुम, मा." संध्याकाळपर्यंत यायचा नाही. इकडे विजेला करंटच म्हणतात, आता मीही म्हणते. समोर टीव्हीच्या पडद्यावर एक पट्टी भरत चाललीय. ती पूर्ण भरली की मुलाच्या गेम कन्सोलमधलं सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी झालेलं असेल. अजून निम्मीही भरलेली नाही. तिच्याकडे नुसतं बघत बसवेना, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे असलं काही नव्हतं, म्हणून सांगते. हा टीव्हीला जोडायचा डबा असतो आणि खेळलेलं सगळं त्याच्या आतल्या डिस्कवर साठतं. ती भरली. नवं ठेवायचं तर जुनं पुसा, असं यंत्र म्हणायला लागलं. मुलगा काही पुसायला तयार नाही, म्हणून मोठी डिस्क आणली. जुन्यातलं आधी बाहेर काढून ठेवायचं, नवी बसवायची, मग परत भरायचं. एरवी सोपं काम. पण जुनी डिस्क गेल्या आठवड्यापासून टकटक वाजतेय. दुकानदार म्हणाला, एकदा कॉपी सुरू केली की मध्येच बंद पडू देऊ नका, ही पुन्हा फिरेल याची खात्री नाही. आमच्या इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे चालतात. तिकडची वायर ओढून इथे लावायची तरी आधी हे बंद करावं लागेल.

पुण्याहून इथे वेलचेरीला आलो, तेव्हा कितीतरी महिने मुलगा शाळेतून आला की खोलीत बसायचा. खाली मुलं तमिळमध्ये आरडाओरडा करत खेळायची, हा खिडकीतून बघायचा. एकदा चौथ्या मजल्यावरचा मुलगा आमचं चुकून त्यांच्याकडे गेलेलं कुरियर द्यायला आला, कन्सोल बघितला, आणि चपला काढून बसला तो बसलाच. दोघांनी मिळून फुटबॉलची टीम उभी केलीय. खेळाडूंना बिल्डिंगमधल्या माणसांचे चेहरे दिलेत. गोलकीपर आमचा वॉचमन. गोल झाला की माझा मुलगा कपाळावर हात मारतो आणि मित्र म्हणतो, "ही इज स्लीपिंग, डा! नाइट ड्यूटी!" मित्राला मराठी येतं ते एवढंच, "पास दे की रे" आणि "गप बस." आमचाही तमिळ शिकला तो शाळेत नाही, या सतरंजीवर. ती टीम गेली तर त्या मुलाला रोज वर यायला कारण काय उरेल? आज क्लासला जाताना मुलगा दारात थांबला. "आई, सगळं उडालं तर तो येईल?"

"उडेल कशाला? काही होणार नाही," मी म्हटलं.

तुमच्या पिंपरीच्या कारखान्यातलं स्टोअर आठवतंय. मी डबा घेऊन आले होते आणि नवे रॅक आले होते. मदत करायची म्हणून मी जुन्या रॅकवरचा बेअरिंगचा ट्रे उचलला आणि दोन रांगांच्या मध्ये तशीच उभी राहिले. तुम्ही विचारलंत, "कुठे ठेवणारेस?" मला माहीत नव्हतं. "मग उचललास कशाला? आधी जागा बघायची, मग माल हलवायचा. वाटेत धरून उभं राहायचं नाही." हेल्परसमोर बोललात, म्हणून मला रडू आलं. तुम्ही ट्रे परत ठेवलात आणि आपल्या चहातला अर्धा मला बशीत ओतून दिलात. बाबा, जागा मी बघून ठेवलीय. पण वाटेत धरून उभं राहणं काही टळलेलं नाही.

आणि कारखान्यातला संप लांबला होता, ती एक सकाळ. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा सोलताय. आई पाठमोरी आहे. मी विचारते, माझी शाळा सुटणार का? तुम्ही परातीतून नजर न काढता म्हणता, "काही होणार नाही. अभ्यासाला बस." मी बसले. त्या रात्री मला गाढ झोप लागली. पुढे कारखाना उघडला, आणि तुम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं असं मी धरून चालले.

एक वाजून गेलाय. पट्टीचा शेवटचा तुकडा उरलाय, पण मघापासून ती हललेली दिसत नाही. टकटक चालू आहे, आणि चालू आहे तोवर बरं, असं वाटायला लागलंय. दोनच्या आत पट्टी भरेल की आधी करंट जाईल, सांगता येत नाही. मुलगा त्याआधीच येईल, मित्राला घेऊनच येईल, आणि दारातूनच विचारेल, झालं का?

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहून टाकते. सकाळी त्याला सांगताना मला काहीच माहीत नव्हतं. शेंगा सोलताना तुम्हालाही नसणार, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. तो आला की मी पुन्हा तेच सांगणार आहे.