ऑर्फियसचा रिकामा रकाना

माणिकपूर, मंगळवार संध्याकाळ

माझी बायको रेजिना गेली, त्यानंतर आज पहिल्यांदा कॉलेजात शिकवलं. ग्रीक वीरांची तुलना. कुणी सांगितलं होतं आजच घ्यायला? फळ्यावर तक्ता काढला: कोण घर सोडून निघाला, कशाशी झुंजला, परत येताना काय आणलं. जेसनने सोनेरी लोकर आणली, पर्सियसने मेड्युसाचं मुंडकं. ऑर्फियस मेलेल्या बायकोला आणायला पाताळात गेला, वाटेत मागे वळून पाहिलं आणि तिला गमावून बसला. त्याचा रकाना रिकामा. खडू पुढे सरकेना.

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडे बोट रिकामी आली तरी घरचे देवाचे आभार मानतात. मानूस आला ना परत!"

मी हॉस्पिटलातून माणूसच आणायला गेलो होतो.

तिथली उशी रेजिनाला टोचायची, म्हणून घरची नेली होती. तीच मांडीवर घेऊन रिक्षातून परतलो. मी तर एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

उशी अजून दाराजवळच्या खुर्चीवरच आहे. पलंगावर नेऊन ठेवली, की माझा रकाना भरला: परत येताना काय आणलं, तर उशी.