वस्तादांची जीभ

४ मार्च

वहिनीस धाकट्याचा नमस्कार. दादाला वेगळा लिहीत नाही, तो घेणार नाही. तुझ्यातलाच थोडा त्याला दे.

मी बरा आहे. जेवण वेळेवर आहे, खोकला गेला. तू विणलेला स्वेटर ढगळ होतो, पण आत आणखी एक मावतो, तेव्हा तू ते ठरवूनच केलं असणार असं मी धरून चाललोय.

बिअरच्या कारखान्यात नेमकं काय करतोस आणि पितोस का, असं तू विचारलं होतंस. कारखाना म्हणजे एक लांबट शेड आहे, आत स्टीलच्या सहा टाक्या, माझ्या दुप्पट उंच. मी टाक्या धुतो, पोती फोडतो, नळ्या जोडतो. पितो घोट-दोन घोट, चव घ्यायला. हसू नकोस, कामच आहे ते.

पण कागद घेतला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. इथे एक माणूस आहे. सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. बिअर बनवतात ते एकटे, बाकी आम्ही उचलठेव करणारे. साठीच्या पुढचे, काटकुळे, कानांवर केस. सकाळी आले की एकेका टाकीला कान लावून उभे राहतात आणि सांगतात, "हिला अजून दोन दिवस द्या. आत भांडणं मिटली नाहीत." मीही कान लावून बघितला. मला नुसतं बुडबुड ऐकू आलं.

त्यांची एक बिअर आहे, तिच्यासाठी लांबून माणसं येतात. जवाला मोड आणून वाळवतात, ते भरडून गरम पाण्यात घातले की गोड पाणी निघतं. त्यात हॉप्स पडतात. हॉप्स म्हणजे वेलीवरची हिरवी फुलं, बोटाएवढी. चोळली की संत्र्याच्या सालीचा वास येतो, चाटली की तोंड कडू जहर. वस्ताद ह्या बिअरला ती तिप्पट घालतात, आणि कडकही करतात. एका ग्लासात धडधाकट माणूस मावशीला खरं बोलून जाईल इतकी. मग ती आंबून, निवळून, गारठली की तिच्यात हिरवा चहा सोडायचा. कापडी पिशव्यांत भरून, थंड बिअरमध्ये, वीस तास लटकत. चहा उकळायचा नाही, वहिनी. हे वाचून तू माझ्याकडे कशी बघतेयस ते मला इथून दिसतंय. मीही तसंच बघितलं होतं त्यांच्याकडे.

पण चव अशी की काय सांगू. आधी कापलेल्या गवताचा वास. मग कडूपणा येतो आणि तोंडात ऐसपैस बसतो. तेवढ्यात मागून चहा येतो आणि त्याला म्हणतो, सरक जरा. गिळल्यावर तोंड धुतल्यासारखं स्वच्छ, आणि कडू गेलं कुठे म्हणून माणूस दुसरा घोट घेतो. एका म्हाताऱ्याने हे डोक्यात धरलं आणि टाकीत आणलं, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

चव घ्यायची इथे एक रीत आहे. बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पालथी ठेवायची आणि सगळ्यांनी एकदम उलटायची. कुणी कुणाचं ऐकून लिहू नये म्हणून. मी लिहायला लाजत होतो, माझं अक्षर तुला माहीत आहे. वस्ताद म्हणाले, "जिभेला शुद्धलेखन लागत नाही. लिही." उलटली तर त्यांच्या चिठ्ठीवर आणि माझ्या चिठ्ठीवर एकच गोष्ट होती. त्या दिवसापासून मला टाकीपाशी घेतात. "तुझी जीभ चांगली आहे," म्हणाले. माझं काही चांगलं आहे असं तुझ्याशिवाय कुणी म्हणाल्याचं आठवत नाही.

ह्या खेपेची बिअर जरा तुरट झाली. होतं असं. वस्तादांची तब्येत बरी नाही. हिवाळ्यात ते तापाने पडले होते, तेव्हापासून वास नीट येत नाही म्हणतात. म्हणजे आता म्हणायला लागलेत.

तिकडे कुठे काम असलं तर विचारून ठेव. सहज आपलं.

तुझा धाकटा


२२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र आलं. मी चार पानं लिहिली तर तू दोन ओळी. "बिअर तुरट झाली आणि तू काम शोधतोयस. काय करून ठेवलंस?" तुला पोलिसात घ्यायला हवं होतं.

सांगतो. लिहायला बसेपर्यंत आठ दिवस गेलेत, तेवढे माफ कर.

चहा सोडायच्या दिवशी वस्ताद दवाखान्यात गेले होते. पिशव्या मी लटकवल्या, एकट्याने, पहिल्यांदाच माझ्यावर सोपवल्या होत्या. बारा तासांनी चव घेतली तर चहाचा मागमूस नाही. रंग तोच, वास तोच. मला वाटलं, चहा उतरलाच नाही, आणि उद्या सगळे म्हणतील ह्याला पिशव्यासुद्धा जमल्या नाहीत. जन्मभर तुझ्या स्वयंपाकघरात चहा उकळताना बघत आलोय. थंडात कुठला चहा उतरतोय? उरलेल्या चहाची पुडी काढली, दोन बादल्या पाणी खळखळ उकळलं, त्यात टाकली, चांगली काळपट होऊ दिली आणि गाळून टाकीत ओतली. काम झालं म्हणून हात झटकले. उरलेल्या आठ तासांत पिशव्यांतला चहा आपोआप उतरणार होता, हे मला कुठे ठाऊक.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी घोट घेतला. तोंड आक्रसलं त्यांचं. शिजलेल्या पाल्याचा वास आणि जीभ टाळूला चिकटेल असा तुरटपणा. त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, पालथी ठेवली आणि मला विचारलं, "गरम पाणी कुठे लागलं का रे?"

मी म्हणालो, "नाही वस्ताद. थंडच."

त्यांनी परत वास घेतला. चिठ्ठी उचलली आणि न दाखवता फाडून टाकली.

ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही. त्यानंतरचंही नाही. त्या दिवसापासून वस्ताद खिशात संत्र्याची साल घेऊन फिरायला लागले. लवंगा, कॉफीची बी. कोपऱ्यात उभे राहून डोळे मिटून हुंगायचे. आमच्यात पिंपं धुणारा एक आहे, सगळे त्याला ढोल्या म्हणतात. त्याच्या नाकाशी साल धरून विचारायचे, "ह्याला वास आहे ना?" ढोल्या म्हणायचा, "वस्ताद, मला फक्त डब्याचा वास येतो, तोही दुसऱ्याच्या." सगळे हसायचे. तेही हसायचे, आणि साल परत खिशात. रोज त्या खराब टाकीचा एक ग्लास काढून प्यायचे. बिअरमधली चूक नव्हते शोधत, स्वतःतली शोधत होते. मी समोर फरशी पुसत होतो, वहिनी. फरशी फार स्वच्छ झाली त्या दिवसांत.

मग कारखान्याच्या मालकीणबाईंना त्यांनी सांगितलं, नवा माणूस बघा, माझी जीभ गेली. त्या नको नको म्हणत होत्या. मी कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती. सहा जागा अशाच सोडल्यात, कुणाला न सांगता, तुला काय नवीन. दादा त्यावरूनच बोलणं टाकून बसलाय. सकाळी पगार घेऊन निघणार होतो.

वस्तादांनी मला टाकीमागे बोलावलं. एक वही पुढे केली. जाड, कोपरे झिजलेले, पानांवर बिअरचे डाग. चाळीस वर्षांची सगळी मापं तिच्यात. म्हणाले, "मला आता कळत नाही, तुला कळतं. तू ठेव."

मला वही हातात घेता आली नाही. मी म्हणालो, "गरम पाणी मीच घातलं."

त्यांना लगेच उमगलं नाही. मी सगळं सांगितलं. बादल्या, पुडी, थंड म्हणालो ते खोटं. ते टाकीपाशी गेले, ग्लास भरला, घोट घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

"उकळतं पाणी," म्हणाले. "खळखळ. दीड बादली असेल."

"दोन."

"दोन," ते म्हणाले. आणि वहिनी, त्यांचा चेहरा उजळला. हरवलेलं माणूस दारात दिसावं तसा. तेवढा एक क्षण मी जन्मात विसरणार नाही. मग त्यांनी डोळे उघडले, मी समोर होतो, आणि ते उजळलेलं गेलं.

"त्या चिठ्ठीवर मी काय लिहिलं होतं माहितेय? गरम पाणी. दोनच शब्द. लिहिलं आणि फाडलं, तू नाही म्हणालास म्हणून." वही त्यांनी काखेत मारली. "मी माझ्या जिभेला खोटं पाडलं आणि तुला खरं धरलं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

मालकीणबाई ओरडल्या, त्यांनी कसर ठेवली नाही. हजार लिटर बिअर गटारात सोडली. नळ मलाच उघडायला लावला. ढोल्या नाक धरून म्हणाला, आज उंदरांच्या घरी लग्न आहे. मला घालवून देणार होत्या. वस्तादांना विचारलं तर ते म्हणाले, "पिंपं धुवायला माणूस कमी आहे." एवढंच. चांगलंही नाही, वाईटही नाही. तेव्हा मी आता ढोल्याबरोबर पिंपं धुतो. टाकीपाशी जायचं नाही.

वस्ताद मात्र कामावर आहेत. नवी खेप शेजारच्या टाकीत आधीच निवळत होती, ती त्यांनी स्वतः हातात घेतली. चहाच्या पिशव्या लटकवायला ह्या वयात शिडीवर चढले, मी खाली शिडी धरली. "घट्ट," म्हणाले. आठ दिवसांत माझ्याशी तेवढाच एक शब्द.

काल चव घेतली. मला बोलावलं नव्हतं. दारातून दिसलं, चिठ्ठ्या उलटल्या आणि वस्ताद मान मागे टाकून हसले. सालीबिली काही नाही, खिसे सपाट. नंतर सगळे ग्लास धुवायला माझ्याकडे आले. पाणी सोडण्याआधी त्यांचा ग्लास मी हुंगला. तळाशी थेंबभर होतं. गवत, संत्रं, आणि मागून चहा, हळू, चप्पल बाहेर काढून आत आल्यासारखा. असं करणारा दुसरा माणूस नाही, वहिनी. मी त्याला पंधरा दिवस आंधळा करून ठेवला होता.

ते परत बोलतील की नाही, माहीत नाही. पिशवी रिकामी केली आहे, कपडे खुंटीवर आहेत.

दादाला हे पत्र वाचून दाखव. तू माझी पत्रं वाचताना नको ते गाळतेस आणि आवाज न बदलता पुढे जातेस, मला ठाऊक आहे. ह्या वेळी काही गाळू नकोस. तो उठून गेला तर जाऊ दे, पण "मीच घातलं" म्हणालो तिथपर्यंत तरी त्याला बसव.

उत्तर ह्याच पत्त्यावर टाक. मी इथे असेन.

तुझा धाकटा