वीस पावलं आणि एक पायलट

४ मार्च
ठरलं. सतरा वर्षं विमा ऑफिसात खुर्ची झिजवली, आता शेतांवर औषध फवारणारं विमान चालवायचं. वय त्रेचाळीस. वय मानण्यावर असतं. साहेब म्हणाले, राजीनामा नको, हंगामभर बिनपगारी रजा घ्या, खुर्ची राखून ठेवतो. बिचाऱ्यांचं मन मोडवेना. बायको म्हणाली, हंगाम संपेपर्यंत उडाला नाहीत तर मुकाट्यानं परत त्याच खुर्चीवर. हंगाम तीन महिन्यांचा. मला तीन आठवडे पुरे.

५ मार्च
गॉगल आणि पायलटचे बूट घेतले. बूट जरा घट्ट आहेत. वापरून सैल होतील.

११ मार्च, सकाळी ६
धावपट्टीवर पहिला दिवस. शेडमध्ये पन्नाशीच्या एक बाई चहा पीत बसल्या होत्या. विमान हवेत कसं टिकतं ते त्यांना सोपं करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कप विसळला, हेल्मेट घातलं आणि विमान घेऊन उडाल्या. पायलट त्याच. सगळे त्यांना मावशी म्हणतात. कुणीतरी आधी सांगायला नको?

१२ मार्च
मावशी म्हणाल्या, इथे पहिला हंगाम जमिनीवरच काढायचा. काम काय, तर शेताच्या टोकाला झेंडा धरून उभं राहायचं. विमान झेंड्याच्या रोखानं फवारत येतं. ते डोक्यावरून गेलं की मोजून वीस पावलं बाजूला सरकायचं आणि पुन्हा झेंडा उभा करायचा. पावलं मोजायची! मी पदवीधर आहे.

२ एप्रिल
अजून पावलंच. घरी सोफ्यावर बसून छत्रीच्या दांड्यावर विमान वळवण्याचा सराव चालू आहे. मुलीनं विचारलं, बाबा कुठे चाललेत? बायको म्हणाली, खाली पडायला. घरचा पाठिंबा म्हणतात तो हाच.

१९ एप्रिल
उसाचं मोठं शेत, तणनाशकाची फवारणी. बूट अजून सैल झालेले नाहीत. दोन्ही टाचांना फोड. वीसऐवजी बारा पावलं टाकली. फवारणी जरा दाट झाली तर शेतमालकाचाच फायदा.
संध्याकाळी मावशी म्हणाल्या, आज औषध पुरलं कसं नाही? मी म्हटलं, टाकी गळत असेल. निरीक्षणशक्ती असावी लागते.

२१ एप्रिल
मेकॅनिक दोन दिवस टाकी खोलून बसलाय. गळती सापडत नाही. हल्लीच्या लोकांना काम येत नाही.

३० एप्रिल
शेतमालक आला होता. तीन भावांसकट. काहीतरी आरडाओरडा चालला होता. आपण मोठ्यांच्या बोलण्यात पडत नाही. ते गेल्यावर मावशी म्हणाल्या, उद्या सकाळी माझ्याबरोबर वर चला. अखेर कदर झाली! बायकोला लगेच फोन.

१ मे
उडालो.
शेत आलं. हिरवा, पिवळा, हिरवा, पिवळा. पट्ट्यापट्ट्याचा पायजमा वाळत घातल्यासारखं. जिथे दोनदा फवारलं तिथे ऊस जळाला होता. मावशी म्हणाल्या, मोजा. मोजले. एकवीस पिवळे पट्टे. मग त्यांनी विचारलं, पावलं किती टाकलीत? सांगितलं.
उतरल्यावर त्या ओरडल्या असत्या तर मलाही काही बोलता आलं असतं. एवढंच म्हणाल्या, तेवीस वर्षांत माझ्या फवारणीनं कुणाचं पीक जळालं नव्हतं. मेकॅनिकची माफी मागा आणि उद्यापासून येऊ नका.
मेकॅनिकनं हातातला पाना खाली न ठेवताच ऐकून घेतलं.

२ मे
साहेबांना फोन केला. खुर्ची आहे. सोमवारपासून.
उडालो म्हणजे अटीप्रमाणे मी जिंकलो, हे बायकोला पटवणार होतो.  पण सगळं सांगून टाकलं, टाकीचंसुद्धा. ती म्हणाली, पण वर कसं वाटलं? मी म्हटलं, पट्टे दिसेपर्यंत दोन मिनिटं मिळाली. इतकं छान आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.
ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.