घरचं डिझेल

२ सप्टेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण मोठ्या कामाची सुरुवात कुठून झाली हे कुठेतरी नोंदलेलं असावं.

मोठं काम: आपल्या धक्क्यावरच्या बोटींना स्वच्छ आणि परवडणारं डिझेल. धक्क्यावर पंप एकच. दर काल पुन्हा वाढला. डिझेलमध्ये पाणी. बाबांची बोट गेल्याच महिन्यात भर समुद्रात बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, इंजिनाचा फ्युएल पंप शेवटच्या घटका मोजतोय, आता पुन्हा पाणी गेलं तर सीझनभर बोट बांधून ठेवा. बाबा म्हणाले, बरं. बाबा कशालाही बरं म्हणतात. त्यांच्या पिढीचा हाच प्रॉब्लेम आहे.

आपल्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. मी बरं म्हणणार नाही.

२ सप्टेंबर, दुपार

आज पंपावर लक्षपूर्वक निरीक्षण केलं. प्रत्येक बोटीवर एक काचेची बाटली असते. नळीतलं पहिलं डिझेल बाटलीत घ्यायचं, बाटली उन्हात धरायची, चहा होईपर्यंत थांबायचं आणि तळाशी पाणी किती बसतं ते बघायचं. मग तेच डिझेल टाकीत भरायचं, कारण दुसरा पंप नाही.

बाबांबरोबर बोटीवर असणाऱ्या काकांना विचारलं, भरायचंच आहे तर बघता कशाला? काका म्हणाले, निदान कळतं तरी.

असली हतबलता संपवलीच पाहिजे.

५ सप्टेंबर

पंपाच्या शेठना निवेदन दिलं. त्यांनी पंख्याखाली बसवलं, कोल्ड्रिंक मागवलं, निवेदन पूर्ण वाचलं. म्हणाले, अक्षर काय सुरेख आहे गं तुझं. पाण्याबद्दल म्हणाले की ते डेपोतूनच येतं. डेपोवाले म्हणतात टँकरमधून येतं. टँकरवाले म्हणतात हवेतून येतं. आणि हवेला निवेदन कसं द्यायचं, ते मला माहीत असेल तर त्यांनाही सांगावं. मग बाबांच्या तब्येतीची चौकशी केली आणि विचारलं, माझ्याकडे बिलं करायला येतेस का.

तत्त्वासाठी स्पष्ट नकार दिला. कोल्ड्रिंक संपवलं, कारण टाकून देणं योग्य नाही.

एकूण चर्चा सकारात्मक.

६ सप्टेंबर

दर पुन्हा वाढला. निवेदनाचा काही संबंध नसावा.

९ सप्टेंबर

निर्णय. शेठला वगळायचं. सगळ्या बोटमालकांनी मिळून थेट शहरातून टँकर मागवायचा. स्वस्तही पडेल, स्वच्छही. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं कोणाला सुचली कशी नाही?

संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत मीटिंग. माझी डिग्री भिंतीवर फ्रेम करून लावली आहे, बरोबर तिच्याखाली उभी राहून बोलले. शेवटी विचारलं, कोणाची हरकत? कोणी बोललं नाही. एकमताने ठराव मंजूर. नंतर स्वयंपाकघरात आई म्हणाली, अगं ते बोलणार कधी, तू श्वास घ्यायला थांबलीस तर ना. आईला सभाशास्त्र माहीत नाही.

बाबा एकच वाक्य बोलले. म्हणाले, पोरगी शिकलेली आहे, तिला कळतं. त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या. वर्गणी सर्वांत आधी घाईवाल्यांनी दिली. घाईवाले म्हणजे धक्क्यावरचे सर्वांत घाईतले एक बोटमालक, जेवतानासुद्धा चपला काढत नाहीत. बाबांनी नव्या फ्युएल पंपासाठी बाजूला ठेवलेले पैसे दिले. मी समजावून सांगितलं की डिझेलच स्वच्छ असलं की नवा पंप लागणारच नाही.

म्हणाले, बरं.

१४ सप्टेंबर

टँकर आला की डिझेल साठवायचं कुठे, हा मुद्दा थोडा राहून गेला होता. सुटला. बर्फाचा कारखाना बंद पडलाय, त्याची पाण्याची लोखंडी टाकी रिकामीच आहे. कारखान्याचे बर्फवाले काका द्यायला तयार. फक्त विचारत होते की याला परवानगी वगैरे लागते का. मी अर्ज पाठवला आहे. उत्तर आलं नाही, म्हणजे हरकत नाही.

१८ सप्टेंबर

आयुष्यातला एक सुंदर दिवस. टाकी धुतली. आतून गंज आणि शेवाळ होतं. मी सांगितलं की आपल्याला शेठवर टीका करायची असेल तर आपली टाकी आरशासारखी हवी. आई, काकू, बोटमालकांच्या घरच्या बायका, सगळ्या बादल्या घेऊन आल्या. आईने घरचा साबणचुरा आणला. मी स्वतः आत उतरून कोपरे न् कोपरे घासले. वरून पाणी मारत राहिलो, पुन्हा पुन्हा. आई म्हणाली, एवढं तू घरातलं एक भांडं घासलं असतंस तर मी पेढे वाटले असते.

टाकी उन्हात वाळवायची, मग टँकर. सगळं वेळापत्रकात बसवलं आहे.

१९ सप्टेंबर

टँकर एक दिवस आधीच आला. ड्रायव्हर थांबायला तयार नाही, म्हणे भरून घ्या नाहीतर निघालो. घाईवाले म्हणाले, घ्या भरून. मीसुद्धा विचार केला, लीडरने लवचिक असावं. टॉर्च मारून आत पाहिलं. तळ नुसता चमकत होता. आदल्या दिवशीच्या मेहनतीचं फळ.

भरली.

२० सप्टेंबर, पहाट

पहिलं डिझेल घेण्याचा मान बाबांना दिला. काकांनी सवयीने आपली बाटली काढली. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बाबा म्हणाले, ठेव ती. आपल्या पोरीच्या डिझेलला बाटली लावतोस होय? काका ओशाळले आणि बाटली फळीखाली सरकवली. मग मागच्या एकाही बोटीने बाटली काढली नाही. कोणी काढली असती तर माझा अपमान झाला असता, असं त्यांना वाटलं.

संशयाची एक जुनी पद्धत आज आपल्या धक्क्यावरून गेली.

बोटी निघाल्या. हात हलवला.

२० सप्टेंबर, दुपार

बोटी बंदराच्या तोंडाशी थांबल्या आहेत. सगळ्या. बहुतेक भरतीची वाट बघत असतील.

२० सप्टेंबर, संध्याकाळ

भरती नव्हती. इंजिनं बंद पडली होती. आधी बाबांचं, मग एकेक करून मागच्यांची. वारा खडकांकडे होता. धक्क्यावर आम्ही बायका उभ्या. काही करता येत नव्हतं, नुसतं बघत होतो. आईने माझा दंड धरून ठेवला होता, सोडलाच नाही. दंडावर बोटं उठली आहेत.

शेवटी शेठने त्यांची बोट काढली आणि एकेकाला दोर बांधून ओढून आणलं. या कामाचे पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं. बाबांना धक्क्यावर हात देऊन चढवलं आणि पुन्हा तब्येतीची चौकशी केली.

२१ सप्टेंबर

मेकॅनिकने आमच्या इंजिनाचा फिल्टर उघडला. आतून फेस आला. फेस कसला ते त्याला कळेना. आईने वाकून वास घेतला आणि म्हणाली, हा आपला साबणचुरा.

मला एवढंच नोंदवायचं आहे की डिझेल शुद्धच होतं. पाणीही शुद्ध होतं, नळाचं. दोन शुद्ध गोष्टी एकत्र आल्या.

फ्युएल पंप गेला. बाकीच्यांची इंजिनं साफ करून चालू होतील. आमचं नाही. नव्या पंपाचे पैसे टाकीत आहेत, फेसासकट.

२३ सप्टेंबर

कोणीतरी ओरडेल म्हणून मुद्दे काढून ठेवले होते: टँकरचं बेजबाबदार वर्तन, टाकीच्या रचनेतील दोष, वेळेचा अभाव. कोणी ओरडलं नाही. घाईवाले येऊन ओट्यावर बसले, चपला काढून. बराच वेळ बसले. चहा घेतला. जाताना म्हणाले, तू वाईट वाटून घेऊ नकोस गं. त्यापेक्षा ओरडले असते तर मुद्दे तरी वाचून दाखवता आले असते.

बाबा रोज सकाळी बोटीपर्यंत जातात, दोर तपासतात, परत येतात. मी विचारलं, रागावलात का. म्हणाले, कोणावर?

२६ सप्टेंबर

खूप विचार केला. व्यवस्था बाहेरून बदलत नाही. आत शिरावं लागतं. शेठकडे बिलं करायची नोकरी घेतली. हा पराभव नाही. बोटीच्या नव्या फ्युएल पंपाचे पैसे शेठने पगारातून आगाऊ दिले, हा केवळ योगायोग.

१७ ऑक्टोबर

बाबांची बोट आज पुन्हा निघाली. डिझेलचा दर पुन्हा वाढला. फळ्यावर खडूने मीच लिहिला. अक्षर छान आलं.

बाबा आणि काका पंपावर आले. मला बघून बाबा हसले, गिऱ्हाईक हसतं तसं. काकांनी नळी लावायच्या आधी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फळीखालून बाटली काढली. मी मान खाली घालून बिल करत होते, तरी दिसलंच. बाबांनी बाटली उन्हात धरली. चहा होईपर्यंत आम्ही तिघंही थांबलो. तळाशी बोटभर पाणी बसलं.

काकांनी विचारलं, काय करायचं?

कमी आहे, भर, असं बाबा म्हणाले.

कशापेक्षा कमी, ते मी विचारलं नाही. बिल फाडून दिलं.