फोर्कनंतर उरलेली कुलपं

९ नोव्हें. ९८
दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणतोय. वही उघडली की चहाची तलफ, मग खोपटच्या एसटी डेपोत जाऊन गाड्या बघत उभा. आज डोकंच सडलंय म्हणून बसलो. कल्याणच्या लॅबला दिलेला आमचा प्रोग्राम परत लटकला. रिपोर्ट छापायला घेतला की मुका. एका बाईचं ऑपरेशन रिपोर्ट मिळाला नाही म्हणून पुढे ढकललं म्हणे. प्रोग्राम लिहिलाय ती भाषा आमची, ती चालवणारा इंटरप्रिटर आमचा, त्यात एका वेळी अनेक कामं करणारे थ्रेड्स मी घातलेले. सगळे माझ्याकडेच बघतायत.

१० नोव्हें.
सापडलं! छपाईसाठी फोर्क होतो, म्हणजे चालू प्रोग्रामची हुबेहूब प्रत निघते. पण प्रतीत थ्रेड एकच येतो, फोर्क मारणारा. बाकीचे गायब, दुसऱ्याने मधे हात घालू नये म्हणून त्यांनी माहितीला लावलेली कुलपं मात्र तशीच. उघडणाराच नाही. प्रत बिचारी कायमची दाराशी उभी.
मधेच कळव्याला दादाकडे गेलेलो. कशाला, आठवत नाही. बोंबील मस्त होते.

११ नोव्हें.
मालकांना, सुळेसाहेबांना सांगितलं. साहेब म्हणतात, "फोर्कच्या आधी सेकंदभर झोपव प्रोग्रामला, थांबू दे."
"साहेब, तेवढ्यात कुलूप सुटेलच असं नाही ना."
"छापून बघ दहा-वीसदा. चाललं की फ्लॉपी पाठव. मोठा आलाय शास्त्रज्ञ!"
छापलं. चाललं. थू. ह्याला दुरुस्ती म्हणायचं? लॅबमध्ये गर्दी झाली की परत...

१२ नोव्हें.
साहेब पुण्याला, बरंच झालं. फोर्कआधी सगळी कुलपं फोर्क मारणाऱ्या थ्रेडनेच घ्यायची, मग फोर्क, मग मूळ आणि प्रत दोन्हीकडे सोडायची. लिहिलं. आधी फोर्कच अडकला. बाकीचे थ्रेड घेतात त्याच्या उलट्या क्रमाने दोन कुलपं घेतलेली, दोघं एकमेकांची वाट बघत बसले, गाढव मी. दुपारी जमलं.
टेस्टिंगवाली शैला: "अरे वा, एक तरी काम पुरं केलंस! आता दोन दिवस चालू ठेव, मग बोल."
दोन दिवस कुठले? फ्लॉपी उद्या जायचीय. टेबलावर दोन आहेत. झोपवाली, साहेबांनी पास केलेली, नक्की दगा देणार. आणि माझी, जेमतेम तासभर चाललेली. माझी पाठवून फसली तर नोकरी गेली. साहेबांची पाठवायची तर हात उचलत न...

शैला धावत आली. "ए, लॅबचे डॉक्टर आलेत! स्वतः! खाली रिक्षा थांबवून ठेवलीय, फ्लॉपी आत्ताच्या आत्ता द्या म्हणतात."